गैरसोयीचं घर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. "ताई, यंदा अंक तरुणाईवर आहे. तुम्ही इतकी वर्षं देशभरातून सेवेला आलेली मुलं सांभाळलीत. काहीतरी प्रेरणादायी लिहा की." म्हटलं, प्रेरणादायी मला जमायचं नाही, भांडणाचं लिहिते. ते हसले. म्हणाले, "चालेल, पण जरा सौम्य." मी हातातल्या मिरचीकडे बघितलं आणि म्हटलं, बघू.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. संपादक पुण्याचे आहेत, त्यांना हे ठाऊक नसावं.

तर काम काय होतं ते आधी सांगते. कवठे महांकाळात आमची संस्था आहे. दोन खोल्या, एक खोकणारी जीप आणि आसपासच्या गावांत पाण्याचं, बचत गटांचं, पोरांच्या अभ्यासाचं काम. देशपातळीवर एक कार्यक्रम चालतो. पदवी झालेली मुलं-मुली आयुष्यातलं एक वर्ष देशसेवेला देतात आणि कार्यक्रम त्यांना आमच्यासारख्या लहान संस्थांकडे पाठवतो. ज्या संस्थेकडे ती येतात ती यजमान. आणि यजमान संस्थेत त्यांचं राहणं, खाणं, आजारपण, रडणं आणि त्यातून वेळ उरला तर काम, हे सगळं जो बघतो तो यजमान समन्वयक. ती मी. गावांत मला एवढं लांबलचक कुणी म्हणत नसे. मी 'पाव्हण्यांची बाई'.

लोकांना वाटतं, या कामात मुलांवर लक्ष ठेवायचं असतं. तसं नाही. या कामात घर निवडायचं असतं. पोरगं ऑफिसच्या खोलीत ठेवलं तर ते वर्षभर ऑफिसचंच राहतं. घरात ठेवलं तर आठवड्यात त्याला कळतं की नळाला पाणी कधी येतं, कोण कुणाशी बोलत नाही आणि ग्रामसभेला बायका का येत नाहीत. पहिला महिना मी कुणाला काही सुरू करू देत नसे. घरच्यांबरोबर रानात जा, दळण आणा, मयतीला जा, लग्नात वाढा. यावर रुसणारी मुलं भेटली. "मॅडम, मैं यहाँ बदलाव लाने आया हूँ," असं एकानं मला सांगितलं. म्हटलं, आण की, पण येताना कोथिंबीर पण घेऊन ये.

आणि घर कसं निवडायचं? माझी एक खूण आहे. घर बघायला गेले की मी बसून राहते. घरातली बाई मला नुसता चहा देऊन समोर बसली तर ते घर बरं. बोलता बोलता तिनं माझ्या हातात सोलायला लसूण दिला, तर ते घर पक्कं. पाहुण्याला कामाला लावणाऱ्या घरातच पाहुणा लवकर घरचा होतो.

चुका तर ही मुलं रोज करत. लखनौचा अभिनव आमच्याकडे आला तेव्हा मोठा शिस्तीचा. शाळेच्या खोलीत त्यानं शेतकऱ्यांची बैठक लावली. पडदा, लॅपटॉप, सगळं तयार. माणसं आली, जरा वेळ बसली, एकेक जण उठला आणि "येतो सर" म्हणून बाहेर पडला. मी संध्याकाळी जीप घेऊन तिकडून जाताना बघते तर हा एकटा बसलेला, पडद्यावर ठिबक सिंचनाचं चित्र. म्हणाला, "ताई, सबने बोला, येतो. कब आएँगे?" निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, अशुभ वाटतं, म्हणून 'येतो' म्हणायचं, हे त्याला समजावता समजावता मला हसू आवरेना. पुढे तो इतका तयार झाला की जाताना त्याच्यासाठी अख्खं गाव स्टँडवर आलं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगायचे, 'येतो' म्हणजे जातो आणि 'बघू' म्हणजे नाही. बाकीचं तुमचं तुम्ही शिका.

'सोय' हा शब्द मात्र मी कुणाला शिकवला नव्हता. तो इशिताला शिकावा लागला, आणि आज मला लिहायचंय ते तेवढंच.

इशिता भोपाळची. अंगानं काडी, आवाज ढोलाचा. तिला द्यायचं ठरलं ते गाव मिरजेच्या बाजूला नाही, आत कोरडवाहू पट्ट्यात आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव अजून माझं आहे आणि मला तिथे चहा प्यायला जायचं असतं. तिथे तिनं पोरांचा संध्याकाळचा वर्ग चालवायचा होता. घर मी निवडलं शांताअक्कांचं. अक्का द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांच्या टोळीच्या मुकादम. नवरा गेल्यावर पोरी शिकवून, लग्नं करून एकट्या राहत होत्या. घर दोन खोल्यांचं, पण आतून कडी लागणारं दार, अंगणात स्वच्छ संडास, चुलीशेजारी गॅस. मी बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातात लसूण दिला नाही, अख्खी मेथीची जुडी दिली. मी तिथेच ठरवलं.

घर ओढ्यापलीकडे, बौद्धवस्तीत होतं. हे मी मुद्दाम केलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी त्यांना उलट विचारायचे, ओढ्याअलीकडचं घर निवडलं की कुणी विचारतं का हो, मुद्दाम केलं का म्हणून?

इशिता राहायला आली त्याच आठवड्यात आबा संस्थेत आले. आबा म्हणजे गावचे मोठे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. मुलगा गलाईवाला, लांब दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान आहे त्याचं. त्या पैशातून गावात बंगला झाला आणि वर्षातले अकरा महिने त्याचा वरचा मजला रिकामा. आबा वाईट माणूस नाही. संपादकांनी सौम्य लिहा म्हटलं म्हणून सांगत नाही, खरंच नाही. दुष्काळात त्यांच्या बोअरचं पाणी ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जायचं.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "परमुलकातली लेक आपल्या गावात आली, लय चांगलं झालं. पण ती तिकडं कशापायी? बंगल्यात गीझर हाय, कमोड हाय, वर मोकळी खोली हाय. लोकं म्हणतील, गावानं पाव्हणीची सोय केली न्हाई."

"अक्कांकडे काय कमी आहे, आबा?"

"कमी असं न्हाई वो. आमी तसलं काय मानत न्हाई, तुमाला ठावं हाय. पण सोय हुणार न्हाई पोरीची."

मराठीत हा शब्द फार कामाचा आहे. 'तिथं सोय नाही' म्हटलं की कुणाला काही बोलल्यासारखं होत नाही आणि सगळं बोलून होतं. माझं माहेर विट्याकडचं, अशाच एका वस्तीतलं. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तेही फौजेतच होते. त्यांच्याबरोबरचे लोक सुट्टीत आमच्या भागात आले की दादा आग्रहानं घरी बोलवायचे, आणि गावातलं कुणीतरी वाटेतच त्यांना गाठून म्हणायचं, "तिकडं सोय न्हाई, आमच्याकडं चला." लहानपणी मला वाटायचं, सोय म्हणजे पलंग असावा. दादांनी पलंग घेतला. तरी सोय झाली नाही. मोठी झाल्यावर मला कळलं की गैरसोय पलंगाची नव्हतीच, आमची होती.

म्हणून आबांना मी म्हटलं, "बघू." आबा आमच्याच भागातले, त्यांना नीट कळलं.

मग ते स्वतः अक्कांकडे जाऊ लागले. ओट्याच्या कडेला उभं राहायचं, इशिताला म्हणायचं, "बेटा, कुछ तकलीफ है तो बोलो." अक्का चहा पुढे करायच्या. आबा छातीवर हात ठेवायचे, "नगं शांता, आज माजा उपास हाय." चहा उपासाला चालतो, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण आबांचा उपास कडक. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, शनिवारी उपास. एकदा तर बुधवारी होता. बुधवारचा उपास धरणारा माणूस मी तरी त्या पट्ट्यात पाहिला नव्हता.

इशिताला मात्र फार कौतुक. मला म्हणाली, "ताई, आबा किती धार्मिक हायत! जेव्हा बगाव तेव्हा उपास. माझी नानीपण एवढे करत न्हाई." अक्कांच्या सहवासात तिची मराठी अशी झाली होती, अर्धी भोपाळची आणि अर्धी ओढ्यापलीकडची. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं आबांवर राग धरला असता, आणि तिला वर्षभर त्याच गावात राहायचं होतं. शिवाय हे आपण आपल्या तोंडानं सांगायचं म्हणजे दर वेळी जीभ पोळते, ती आणखी वेगळी गोष्ट.

पुढच्या महिन्यात निलेशचा फोन आला. निलेश कार्यक्रमाचा विभागीय अधिकारी. साताऱ्याचाच पोरगा, बोलायला गोड. "मॅडम, तुमच्या गावातून तक्रार आलीय. सदस्य गैरसोयीच्या घरात राहते म्हणून. मुलगी आहे, उद्या काही झालं तर? गावात बंगला उपलब्ध आहे असंही कळवलंय. हलवून टाका ना. कशाला वाद?"

"इशितानं तक्रार केलीय?"

"नाही."

"मग नाही हलवत."

"मॅडम, निकष आहेत. राहण्याची सोय समाधानकारक नसेल तर सदस्याला परत बोलवावं लागतं. आणि मग तुमचं केंद्रही बंद होईल."

आता यात जाणार काय होतं ते सांगते. केंद्र बंद झालं असतं तर इशिता पहिल्या गाडीनं भोपाळला, आणि पुढे आमच्याकडे एकही मूल आलं नसतं. आमच्या संस्थेतही कुजबुज सुरू झाली. एका घरापायी सगळं काम पणाला लावायचं का, उरलेले महिने बंगल्यात राहिली तर काय बिघडलं, असं मला माझ्याच माणसांनी सांगितलं. मी म्हटलं, बंगल्यात जाऊन तिचं काही बिघडणार नाही, अक्कांच्या घरातून उठवल्यानं बिघडेल. पाहुणा आलाच नाही, तर माणूस विसरतो. आलेला पाहुणा गावानं उचलून नेला, तर ते घर कायमचं गैरसोयीचं ठरतं. मग त्या घरातली पोर शाळेत, नोकरीत, कुठेही गेली तरी तो शिक्का तिच्याबरोबर चालत राहतो.

निलेशला मी एवढंच सांगितलं, "बंद कर. पण खरं कारण लिहून बंद कर. 'सोय' असं लिहायचं नाही." तो म्हणाला, "मी स्वतः येऊन दोन्ही घरं बघतो."

अक्कांना हे सांगायला मी गेले तर त्यांना आधीच कळलं होतं. इशिताच्या खोलीला त्यांनी ती येण्याआधी निळा रंग दिला होता, स्वतः, झाडूनं पोतारा देतात तसा. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"न्या तिला," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीच्या सोयरिकीला पाव्हणं आलं हुतं लांबनं. आमच्यातलंच, पण शेरातलं. त्येंला बी गावानं सांगितलं, गावात ऱ्हावा, तिकडं सोय न्हाई. ऱ्हायलं की बंगल्यात! माज्या हातचं जेवान थंड झालं. मला सवं हाय बाई. न्या."

"अक्का, मी न्यायला आले नाही. निलेश घर बघायला येतोय, त्याला जेवायला घालायचंय. आबांनाही बोलवायचंय."

"आबा? त्यो कशाचा जेवतोय हितं."

तेवढ्यात आतून इशिता आली. "येतील ना अक्का! पण त्यांचा उपास असेल तर? आपण उपासाचं करू. शाबू करू."

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता या पोरीला सांगून टाकतील. पण अक्कांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं, आणि ते हसूच होतं.

"व्हय गं," त्या म्हणाल्या, "शाबू करू की. पर मला काय येत न्हाई. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेटली, तवाधरनं आमच्या घरात उपास न्हाई. शाबू कसला आसतो ते बी इसरलो."

"मी करते. नानीला बघितलंय."

निलेश आला तो वार शुक्रवार. आबांनी आधी बंगला दाखवला. तो छानच होता, कुणी कशाला नाकारेल. पण जेवण बंगल्यावर मांडायला लागले तेव्हा मी म्हटलं, "जे घर तपासायचं, जेवण तिथे. आबा, तुम्हीही चला. अक्कांचं खास निमंत्रण आहे." निलेशसमोर आबांना नाही म्हणता येईना. वाटेत ते दोनदा म्हणाले, "येतो मी, पर माजा आज उपास हाय."

अक्कांचं अंगण शेणानं सारवलेलं, दोन सतरंज्या घातलेल्या. आबा पहिल्यांदा ओट्यावर चढून बसले. निलेशनं खोली बघितली, कडी लावून बघितली, संडास बघितला, इशिताला बाजूला घेऊन विचारलं. मग ताटं आली. भाकरी, मेथी, झणझणीत आमटी. आबांच्या पुढे इशितानं वेगळं ताट ठेवलं. शाबूची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, शेजारी केळ.

"आबा, तुमचा उपास हाय न्हवं? हे चालतंय. मी केलंय आन् अक्कांनी."

खिचडी म्हणजे काय झाली होती! पोरीनं शाबू ऐनवेळी, सकाळी भिजवलेला, त्याचा चिकट गोळा झालेला. पण ताट ताट होतं. आबा त्याच्याकडे असे बघत होते, जसं काही त्यात सुरुंग पुरलाय.

अक्का दारात उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "पातेलं आमचंच हाय, आबा. सांगून वाढलेलं बरं."

निलेशनं घास हातातच धरला. आबांनी एक शेंगदाणा बोटानं बाजूला सारला. "शाबू मला बाधतो गं, शांता."

"भगर टाकते. हाय घरात."

"नगं, कशाला तरास."

"तरास कसला? बसा की. फौजंत लंगरात कुनाच्या हातचं खात हुता ते इचारीत हुता व्हय तुमी?"

हे मला म्हणायचं होतं. कितीतरी वर्षं म्हणायचं होतं. एका लंगरात जेवून, एका खंदकात झोपून आलेली माणसं ओढ्याशी पोचली की त्यांना उपास कसा काय आठवतो, हे मी दादांच्या पलंगापासून विचारत आले. पण माझ्या तोंडून ते भाषण झालं असतं. अक्कांनी 'भाजी काय भाव' विचारावं तसं विचारलं.

आबा उठले. धोतर झटकलं. कुणाकडे न बघता म्हणाले, "येतो मी."

आणि इशिता, मी पहिल्या दिवशी शिकवलेला धडा आठवून, अगदी मनापासून म्हणाली, "आबा, हे येतो म्हंजी जातो ना?"

आबा थांबले. तिच्याकडे बघितलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आबा चपला घालून ओढ्याकडे निघून गेले. त्या वेळी मला आनंद झाला नाही. ताठ पाठीचा म्हातारा माणूस उपाशीपोटी उन्हात चालत गेला, हे बघायला कुणालाच बरं वाटत नाही. पण मी त्यांना हाकही मारली नाही.

निलेशनं हातातला घास खाल्ला. थोड्या वेळानं कागद काढून मला विचारलं, "मॅडम, इथे गैरसोयीचा रकाना आहे. काय लिहू?"

म्हटलं, "काही लिहू नकोस. गैरसोय आत्ताच उठून गेली."

तो साताऱ्याचा पोरगा मान खाली घालून हसला. मग आबांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि तो शाबूचा गोळा सगळा संपवला. बाधला असणार त्याला. संध्याकाळी फोन करून म्हणाला, इशिता आहे तिथेच राहील.

इशितानं मला त्या रात्री विचारलंच. मग मी सगळं सांगितलं, माझ्या दादांच्या पलंगासकट. ती रडली नाही. लाल होऊन म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलं?" म्हटलं, "तुला आधी कळलं असतं तर तू शाबू केला असतास का?"

गोष्ट इथे संपली असती तर संपादकांना प्रेरणादायी वाटली असती. पण संध्याकाळच्या वर्गासाठी शाळेची जी खोली मिळायची तिची किल्ली दुसऱ्या दिवसापासून सापडेना. शोधतोय, शोधतोय, असं महिनाभर चाललं. मग इशितानं अक्कांच्या अंगणात वर्ग भरवला. ओढ्याअलीकडची पोरं आधी येईनात. नंतर पोरं यायची आणि आया ओढ्यावर उभ्या राहून हाका मारायच्या. त्यानंतर काही आया हाका मारायच्या थांबल्या. सगळ्या नाही. किल्ली तर अजून सापडलेली नाही.

"वर्षभरात ही पोरं करतात तरी काय?" असं मला लोक विचारत आले. कार्यक्रमांना, सरकारी बैठकांना, लग्नांतसुद्धा. येतात आणि जातात, बदललं काय? या प्रश्नाला मी आता कंटाळले आहे. वर्ष झाल्यावर पोरं जायचीच असतात, ती त्यासाठीच येतात. गावाच्या सवयीत जे इतकं मुरलंय की दिसत नाही, ते बाहेरून आलेलं, काही ठाऊक नसलेलं एक पोरगं सरळ हातात उचलून विचारतं, हे काय आहे? पुढचं काम आपलं असतं. ते आपण करत नाही आणि हिशोब मात्र पोरांकडे मागतो.

इशिता गेली तेव्हा आबांनी स्टेशनवर सोडायला गाडी पाठवली. खरंच पाठवली. ती म्हणाली, "आबांना थँक्यू सांगा, मी एसटीनं जाते." अक्कांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "जाते काय गं? येते म्हन." तिनं म्हटलं, "येते, अक्का." आणि मग मात्र दोघी रडल्या, स्टँडवर, सगळ्यांसमोर.

तिच्यानंतरही आमच्याकडे मुलं येत राहिली. शांताअक्कांच्या निळ्या खोलीत आजवर किती जण राहून गेले ते अक्कांनाही सांगता येणार नाही. आबा अजून ओढा ओलांडून येतात. पण आता उपास सांगत नाहीत. आता म्हणतात, "आत्ताच जेवून आलो." याला बदल म्हणायचं तर म्हणा, मी म्हणत नाही.

मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या मुलाचा परवा फोन आला. घाबरलेला होता. "ताई, नवीन सदस्य येतोय. आबांनी स्वतः फोन केला, यंदा पाव्हणं बंगल्यात ठेवा म्हणतात. नाही म्हटलं तर परत तेच सगळं. काय करू?"

म्हटलं, "मला काय विचारतोस? अक्कांना विचार."

तो गेला. तासाभरानं पुन्हा फोन आला, आवाज बदललेला. "ताई, अक्का म्हणतात, ठेवा की बंगल्यात."

"असं म्हणाल्या?"

"हो. म्हणाल्या, 'म्हाताऱ्याला बी कळू दे पाव्हणं सांभाळाय काय लागतंय. पर पयल्या दिशीचं जेवान माज्याकडं. आन् पाव्हणा एकटा येत नसतोय, ज्येच्या घरी उतरलाय त्यो घरधनी बी संगं येतोय, आशी रीत हाय. आबाला म्हनावं, उपास आसंल तर आदल्या दिशी सांगा. शाबू रातभर भिजवावा लागतोय.'"